रिव्हॉल्व्हरच्या तिसऱ्या घरातील (काडतूस ठेवण्याच्या कप्प्यातील) दोषाबाबत तक्रार

जांबोटी परिसर, ता. खानापूर, जि. बेळगाव
दि. १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
माननीय व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : .३२ बोअर रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर (काडतुसांची घरे असलेला फिरता भाग) पूर्ण न फिरणे आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा मारून शस्त्र परत पाठवणे.

महोदय,

आपल्या कंपनीचे सहा घरांचे रिव्हॉल्व्हर मी जानेवारी २०२४ मध्ये बेळगावच्या परवानाधारक विक्रेत्याकडून विकत घेतले. माझा काजूचा व्यापार असून हंगामात रोख रक्कम घेऊन जांबोटीच्या जंगलातल्या रस्त्याने ये-जा करावी लागते, याच कारणासाठी मला परवाना मिळालेला आहे. लोकसभा निवडणुकीमुळे मार्च ते जून २०२४ या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा होते. त्यामुळे नेमबाजीच्या रेंजवर पहिल्यांदा सलग सराव केला तो ऑक्टोबरमध्ये, आणि दोषही त्याच दिवशी उघड झाला.

त्या दिवशी बारापैकी दोन काडतुसे उडाली नाहीत. प्रत्येक वेळी नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून तीस सेकंद थांबलो आणि मगच सिलिंडर उघडला. दोन्ही काडतुसांच्या टोपीवरचा (बुडाशी असलेल्या, ठोक्याने पेटणाऱ्या भागावरचा) ठोका मधोमध नसून कडेला होता. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली तीच काडतुसे वेगळ्या घरात घालून झाडली, तेव्हा दोन्ही उडाली. म्हणजे दोष दारूगोळ्याचा नव्हता. शिवाय आणखी एका फैरीच्या वेळी सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीतून धातूचा बारीक कण उडून बाजूला उभ्या असलेल्या प्रशिक्षकांच्या मनगटाला लागला. डोळ्यांवर चष्मा लावण्याचा रेंजचा नियम मी आजवर केवळ सोपस्कार मानत होतो; आता मानत नाही.

घरी आल्यावर शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री केली, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवली आणि घरांना पेनाने क्रमांक दिले. पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचे) बाहेर काढणाऱ्या, सिलिंडरच्या मागच्या ताऱ्याच्या आकाराच्या भागाखाली न जळलेल्या दारूचे कण अडकले तरी सिलिंडर जड फिरतो, हे ठाऊक असल्याने ती जागा ब्रशने साफ केली. मग सहाही घरांत झाडलेल्या पुंगळ्या घातल्या, कारण घरे रिकामी असताना हा तारा किंचित हलतो आणि तपासणी फसवी ठरते. त्यानंतर सिलिंडरवर बोटाचा हलका दाब ठेवून घोडा अगदी सावकाश मागे ओढला. पाच घरांच्या वेळी घोडा मागे अडकण्याआधीच सिलिंडर ‘टक्’ आवाज करून खाचेत बसला. तिसऱ्या घराच्या वेळी घोडा पूर्ण मागे जाऊन अडकला, तरी सिलिंडर खाचेच्या अलीकडेच राहिला आणि बोटाने जरासा ढकलल्यावरच जागेवर आला. हीच कृती दहा वेळा केली. दहाही वेळा तिसरेच घर अडले.

नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) मोजली असता सहाही घरांपाशी सुमारे ०.१५ मिलिमीटर भरली. तेव्हा फटीची तक्रार नाही. सिलिंडर फिरवणारा खटका झिजलेला किंवा आखूड असता, तर सगळीच घरे थोडीफार मागे राहिली असती. एकच घर मागे राहते, त्याअर्थी त्या घराच्या वाट्याचा ताऱ्यावरचा दाता कमी भरत असावा, असे मला वाटते. मी शस्त्र-कारागीर नाही. निदान आपणच करावे, परंतु ते तिसऱ्या घराचे करावे.

नोव्हेंबरमध्ये विक्रेत्यामार्फत शस्त्र आपल्याकडे पाठवताना वरील सर्व मजकूर मी लेखी दिला होता. २० जानेवारीला ते परत आले, सोबत एका ओळीचा शेरा : चाप ओढून चाचणी घेतली, सिलिंडर व्यवस्थित फिरतो, दोष आढळला नाही. माझा मुख्य आक्षेप या चाचणीलाच आहे. चाप झटक्यात ओढला की सिलिंडरला वेग येतो आणि दाता कमी भरला तरी त्या वेगाच्या जोरावर उरलेले अंतर कापून तो खाचेत बसतो, त्यामुळे हा दोष जलद चाचणीत बहुधा दिसतच नाही. घोडा सावकाश ओढला किंवा घाणीमुळे सिलिंडर थोडा जड झाला की तो लगेच दिसतो. जी चाचणी दोष झाकते, तीच घेऊन दोष नाही असे लिहून देणे मला मान्य नाही.

आपल्या विक्रेत्याने तोंडी दोन कारणे सांगितली. पहिले, खानापूरच्या पावसाने गंज चढला असेल. आमच्याकडचा पाऊस कसा असतो हे मला सांगायला नको. म्हणूनच शस्त्र चामड्याच्या म्यानात न ठेवता पुसून, तेलाचा हात देऊन ठेवतो. आपल्या शेऱ्यातही गंजाचा उल्लेख नाही. दुसरे, वर्षाची हमी जानेवारीत संपली. तक्रार नोव्हेंबरची आहे, तेव्हा हा मुद्दा उरत नाही.

कोल्हापूरच्या जाणकार कारागिराकडे दाखवा, असाही सल्ला मिळाला. माझा परवाना कर्नाटक राज्यापुरता आहे. आम्हा सीमाभागातल्या लोकांचे सोयरेधायरे, बाजार आणि दवाखाने सीमेपलीकडे असले तरी हे शस्त्र घेऊन मला निपाणीच्या पुढे जाता येत नाही.

तरी माझी मागणी अशी की, शस्त्र विक्रेत्यामार्फत आपल्या खर्चाने पुन्हा मागवून घ्यावे, सहाही घरांची चाचणी पुंगळ्या घालून व घोडा सावकाश ओढून घ्यावी, दोषी भाग बदलून जुळवून द्यावा आणि प्रत्येक घराचा निष्कर्ष लेखी कळवावा. संपूर्ण शस्त्र बदलून देणार असाल, तर नव्या क्रमांकाची परवान्यावर नोंद करून घेण्यासाठी लागणारी कागदपत्रे सोबत द्यावीत. हे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये बेळगाव जिल्हा ग्राहक आयोगाकडे मी दाद मागेन.

खरेदीची पावती, पोलीस ठाण्याची कन्नडमधील पोच, आपला शेरा आणि कडेला ठोका बसलेल्या टोप्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दुरुस्ती होईपर्यंत शस्त्र कपाटात कुलूपबंद आहे आणि रोकड घेऊन जाताना मी सोबत माणूस नेतो. त्याची मजुरी मी या मागणीत धरलेली नाही.

आपला,
एक ग्राहक