होस्टाचा ठोंब शेजाऱ्याला द्यावा, पुण्याला नेऊ नये

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. उन्हाळ्यात अमेरिकेत मुलांकडे येणाऱ्या आईवडिलांना घराच्या सावलीच्या बाजूला फोफावलेला होस्टा, म्हणजे रुंद पानांचे शोभेचे रोप, दिसला, की त्याचा एक ठोंब पुण्याच्या बाल्कनीसाठी न्यावासा वाटतो. न्यू जर्सीतील माझ्या बागेत हा आग्रह इतक्यांदा झाला आहे, की त्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

होस्टा मूळचा जपान, कोरिया आणि चीनमधला. हिवाळ्यात त्याची पाने पार गळतात, गड्डा जमिनीखाली निजतो आणि काही आठवडे सलग कडाक्याची थंडी मिळाली, तरच वसंतात त्याला जोमदार कोंब येतात. पुण्याच्या हिवाळ्यात पहाटे कितीही गारठा असला तरी दुपारी ऊन तापते. विश्रांतीविना ते रोप खुरटत जाते. शिवाय भारत सरकारच्या २००३ च्या प्लांट क्वारंटाइन (आयात रोपांच्या तपासणीविषयीच्या) आदेशानुसार आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र यांवाचून रोप भारतात आणता येत नाही.

इथल्या इथे मात्र तो जरूर वाटावा. कोंब बोटभर वर आले, पण पाने उलगडली नाहीत, अशा वेळी सबंध ठोंब खणून माती धुवावी आणि प्रत्येक तुकड्याला मुळांसह तीन-चार कोंब राहतील असा कापावा. एका कोंबाचा तुकडाही जगतो; पण तो भरायला वर्षे लागतात. मेपलखाली लावल्यास झाडाची मुळे पाणी ओढून घेतात, म्हणून पहिल्या वर्षी पाण्यात हयगय करू नये.

सर्वांत महत्त्वाचा चाकू. १९९६ साली मिनेसोटा विद्यापीठात ओळखला गेलेला ‘होस्टा व्हायरस एक्स’ रसातून, म्हणजे आपल्याच हत्यारांवरून, पसरतो. माझ्या एका सोनेरी होस्टाच्या शिरांलगत शाई फुटल्यासारखे हिरवे डाग उमटले, तेव्हा तो मुळांसकट उपटून कचऱ्यात टाकावा लागला, कारण यावर उपाय नाही. लक्षणे दिसायला कधीकधी वर्षे लागत असल्याने निरोगी दिसणाऱ्या ठोंबानंतरही चाकू स्वच्छ धुऊन निर्जंतुक करावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

पुण्यातील सावलीसाठी आपली रानहळद आहे. तीही गड्ड्याच्या रूपाने जमिनीखाली निजते आणि पावसाळ्यात रुंद पाने घेऊन वर येते. तिचे गड्डे डोंगरातून न उपटता रोपवाटिकेतून घ्यावेत.

आपली नम्र,
एक वाचक, न्यू जर्सी