चौथ्या मोल्टची वेळ

ट्युबिंगन (जर्मनी), रविवार

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या मशीनवर तू नेमकं बघतेस तरी काय?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्या शेडमधल्या रेशमाच्या अळ्या ज्याच्यामुळे मोल्टला, म्हणजे कात टाकायला, बसतात, ते हार्मोन मी मोजते. त्याचं नाव एक्डायसोन. अळीच्या अंगात त्याला एक ऑक्सिजन जोडला जातो आणि मग ते खरं कामाला लागतं. सगळ्या अळ्या एकदम कोषावर याव्यात म्हणून शेवटी पाल्यावर जे औषध फवारतात, त्यातही हेच असतं, झाडांतून काढलेलं.

अळीचा मागचा पाय कात्रीनं जरासा कापला की रक्ताचा पिवळसर थेंब येतो. हवा लागली की तो काळा पडतो, म्हणून बर्फावर धरून लगेच मिथेनॉलमध्ये टाकायचा. गाळ काढून उरलेलं मशीनला द्यायचं. आधी एका बारीक नळीतून, म्हणजे कॉलममधून, जाताना एकेक पदार्थ वेगळा होतो, मग मास स्पेक्ट्रोमीटर त्याचं वजन सांगतो. मला हवं असलेलं हार्मोन 481 या वजनावर दिसतं. ते फोडलं की पाण्याचा एकेक रेणू गळतो: 463, मग 445. हे आकडे ओळीनं आले की माझा जीव भांड्यात पडतो.

पण तीन आठवडे ते आलेच नाहीत. अळीनं कात टाकली रे टाकली की मी रक्त घ्यायचे आणि स्क्रीनवर नुसती सपाट रेघ. कॉलम बदलला, द्रावणं नव्यानं केली, एकदा रडलेही. मग आई, तुझं बोलणं आठवलं. अळ्या मान वर करून गप्प बसल्या की तू म्हणायचीस, "आता पाला टाकू नका, आतून कात सुटायलीय." आतून! कात पडलेली दिसते तोवर हार्मोन चढून उतरलेलंही असतं, ते उतरल्याशिवाय कात पडतच नाही. दुसऱ्या दिवशी मान वर केलेल्या अळीचं रक्त घेतलं, आणि रेघ सरळ वर गेली. प्रयोगाच्या वहीत मी तुझं वाक्य लिहून ठेवलंय.

याच गावात 1954 साली बुटेनांट आणि कार्लसन या शास्त्रज्ञांनी रेशीमकिड्याच्या 500 किलो प्युपांतून, म्हणजे कोषातल्या किड्यांतून, हे पहिल्यांदा शुद्ध काढलं, जेमतेम 25 मिलिग्रॅम! बाबा, आपल्या कितीतरी बॅचेस झाल्या त्या. मला आज एका अळीचा थेंब पुरतो.

एक काम करा. पुढच्या बॅचला चौथ्या मोल्टच्या वेळी पाला किती वाजता बंद केला आणि किती वाजता पुन्हा सुरू केला, तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेवा. आई, रात्रीचं शेडमध्ये बाबांना जाऊ दे, तुझे गुडघे सांभाळ.

तुमची,
ताई