तयारी मागे राहणाऱ्यासाठी करायची असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरात मरणाचा विषय निघाला की ‘अभद्र बोलू नका’ म्हणून तो तिथेच दाबला जातो. त्याची झळ मागे राहणाऱ्याला बसते आणि बहुतेक वेळा ती बाई असते. विमा होता का, विकास सोसायटीचे पीककर्ज किती, कारखान्याकडे ऊस कोणाच्या नावावर नोंदलाय, यातले काहीच तिला सांगितलेले नसते.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात पहिली अडचण उसाच्या बिलाची येते. बिल गेलेल्या माणसाच्या खात्यावर जमा होते आणि बँकेला मृत्यू कळला की खाते थांबते. ऐन हंगामात घरखर्च आणि सोसायटीची वसुली एकदमच अंगावर येते. म्हणून नवरा-बायकोचे संयुक्त खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ या पद्धतीने आताच उघडावे. कारखान्याच्या आणि दूध संस्थेच्या शेअरवर वारसाचे नाव लागले आहे का, तेही पाहावे. मृत्यूनंतर एटीएम कार्डाने पैसे काढणे सोपे वाटते, पण ते नियमाबाहेर आहे. पुढे भावकीत वाद झाला की तोच खातेउतारा पुढे केला जातो. मात्र मोबाईलचे सिमकार्ड लगेच बंद करू नये. अनेक खाती त्याच क्रमांकाला जोडलेली असतात.

मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी. घरी मृत्यू झाला असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र घ्यावे. दाखल्यावरचे नाव आधार कार्डाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तिथेच तपासावे, कारण पुढची निम्मी कामे एका वेलांटीवर अडतात. दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती काढाव्यात.

शेतजमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांत तलाठ्याकडे द्यावा. महसूल विभागाच्या ई-हक्क या ऑनलाइन सेवेवरूनही देता येतो. हिंदू कुटुंबात पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर बायको आणि मुलांबरोबर मुली आणि आईही पहिल्या वर्गातल्या वारस असतात. आईचे नाव सर्रास विसरले जाते, मुलींचे मुद्दाम गाळले जाते. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागते, आणि सुतकात बहिणींच्या सह्या घेण्याची घाई तर मुळीच करू नये. शक्यतो पहिले वर्षभर जमीन किंवा घर विकू नये.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही, तरी केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत. ते आपल्यापेक्षा वयाने लहान आणि ज्यांना काही मिळणार नाही असे असावेत. बँकेतला नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा असतो, त्यामुळे तो आपोआप मालक होत नाही.

पासबुकात 436 रुपयांची वार्षिक वजावट दिसली तर ती बहुधा प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची असते, 20 रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची. सुरक्षा विमा फक्त अपघाताला लागू. दोन्हींत 2 लाखांपर्यंत रक्कम मिळते, पण दावा घरच्यांनीच करायचा असतो. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल तर त्याच्याशी जोडलेल्या विम्याचे 7 लाखांपर्यंत मिळू शकतात. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर सरकारी मदतीसाठी कृषी विभागाकडे 30 दिवसांत अर्ज करावा. हे सारे एका वहीत लिहून कुठे ठेवले ते घरातल्या दोघांना सांगावे. 2019 आणि 2021 चे महापूर पाहिलेल्या घरांनी कागद तळमजल्यावर ठेवू नयेत.

कागदांइतकीच तयारी जगण्याची हवी. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. तो सगळीकडे खरा व्हायचा असेल, तर आपल्यामागे बायकोला असे काही करायला लावू नका, हे नवऱ्याने हयातीतच भावांना आणि मुलांना स्पष्ट सांगावे, शक्यतो लिहूनही ठेवावे. ऐन दुःखात तिला स्वतःला ते म्हणता येत नाही. पुरुषांनीही भात-आमटीपुरता स्वयंपाक आणि स्वतःच्या गोळ्यांची वेळ शिकून घ्यावी. बायको गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचे जेवण आणि औषध आधी चुकते.

रक्षाविसर्जनापासून तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. पाहुणे परतले की एकटेपण सुरू होते, म्हणून सोबतीच्या पाळ्या नातेवाइकांनी दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवाव्यात. सहा महिन्यांनंतरही झोप, जेवण, कामधंदा रुळावर येत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जावे. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र एक दिवसही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि रात्रंदिवस चालू असतो.

आपल्या दैनिकात निधनवार्ता रोज येतात. त्या रकान्याखाली 21 दिवसांची नोंद, तीन महिन्यांत वारस अर्ज आणि 14416 एवढ्या दोन ओळी कायम छापाव्यात, ही विनंती.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर