अण्णांचं सोडियम

सातारा,
२२ ऑगस्ट

प्रिय नंदू,

तुझे तीन फोन आले, एकही घेता आला नाही. रागावू नकोस. आत्ता अण्णांचा डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसलो.

अण्णांना फ्लू तर होताच, एक्स-रेत न्यूमोनियाही निघाला. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, हायसं वाटलं. आणि त्याच संध्याकाळी अण्णा मला स्टेशनमास्तर समजून गाडीची वेळ विचारायला लागले. चमचा उलटा धरून पेज खात होते. सगळे म्हणाले, वय झालं, तापात बरळतात. मीही मान डोलावली, ते अजून टोचतंय. रात्रपाळीच्या सिस्टरनी रिपोर्ट दाखवला. रक्तातलं सोडियम ११८. हवं १३५ ते १४५.

मी म्हटलं, मग मीठ द्या. डॉक्टर म्हणाले, मूळ अडचण मिठाची नाही, पाणी जास्त झालंय. न्यूमोनियात एडीएच नावाचं हार्मोन गरज नसताना सुटत राहतं. लघवीवाटे जायचं पाणी अंगातच राहतं, रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूच्या पेशी फुगतात. त्यात अण्णांच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन, ते सोडियम लघवीतून बाहेर काढतं. आणि आम्ही काय करत होतो? "ताप आहे, पाणी प्या," म्हणून दर अर्ध्या तासाला पेला पुढे! पोटात मात्र चार चमचे पेज.

गोळी बंद झाली, पाण्यावर बंधन आलं, तीन टक्क्यांचं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त खारट सलाईन पंपावर सुरू झालं. लवकर वाढवा म्हणून मी मागे लागलो होतो. पण चोवीस तासांत सोडियमचा आकडा आठाहून जास्त वाढू द्यायचा नाही म्हणे. झपाट्यानं वाढलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होते, आणि ती भरून येईलच असं नाही. सारखं रक्त काढायचे. अण्णा पाणी मागायचे, मी ओल्या कापसानं ओठ पुसायचो. नंदू, तहानलेल्या बापाला पाणी नाही म्हणणं फार जड गेलं रे.

चौथ्या दिवशी १३१ आलं. सकाळी डोळे उघडून मला म्हणाले, "दूधवाल्याचे पैसे दिलेस का?" मी बाहेर जाऊन रडलो.

कोरोनातही दाखल झालेल्यांमध्ये हे वारंवार दिसलं, आणि सोडियम उतरलेल्यांची तब्येत जास्त बिघडायची. काकूंनाही बीपीची गोळी चालू आहे ना? पाकिटावर क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाईड (तेही सोडियम बाहेर काढणारंच) लिहिलंय का बघ. आपल्या मनानं बंद करू नकोस, पण डॉक्टरांना विचार. पाकिटाचा फोटो मला आजच पाठव.

तुझा,
विनू