हवालदार भाऊ, तो शब्द माझा नव्हता

आदरणीय हवालदार भाऊ,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. शिबिराच्या शेवटच्या दिवशी मी पेढे घेऊन आले तेव्हा तुम्हीच म्हणालात, "ताई, माझं नाव हजेरीपटावर आहे तेवढं पुरे." ती तुमची इच्छा पाळते. पण पत्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहिते आहे, कारण समारोपात ज्यांचे ज्यांचे आभार मानले गेले त्यांत तुम्ही नव्हता. तुम्ही तेव्हा मंडपामागं पाण्याच्या बाटल्या मोजून देत होता. मी शेवटच्या रांगेत उभी होते, मला दिसत होतं.

मी सातारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी शिवणकाम करते. लेक यंदा, २०२५ मध्ये, दहावी झाली. मे महिन्यात पोलिसांनी शाळकरी मुलामुलींसाठी दहा दिवसांचं शिबिर ठेवलं होतं, पोलिसांचं काम जवळून दाखवायला. शाळेतल्या सरांनी फॉर्म आणून दिला आणि मी तो शिलाई मशीनच्या खणात टाकून दिला. चार दिवस तिथंच पडून होता. पोलीस ठाण्याच्या पायरीचं माझं काही चांगलं नातं नव्हतं. ते पुढं सांगते. शेवटी लेकीनंच खण उघडला, आणि तिच्या तोंडाकडं बघून मी सही केली.

पहिले तीन दिवस ती घरी आली की फक्त परेडच. सकाळी सहाला मैदान, सावधान, विश्राम, दाहिने मुड, कदमताल. यंदा मे महिन्यातच पावसानं गाठलं, तिचे पांढरे बूट तांबडे होऊन यायचे. श्वानपथक आलं, बिनतारी संदेशाचा संच पाहिला, रायफल उघडून तिचे भाग मांडून दाखवले. मुलं खूश होती. मी मात्र मनात म्हणत होते, एवढंच असेल तर दहा दिवसांनी सगळी मुलं रुबाब तेवढा शिकून येतील.

चौथ्या दिवसापासून तुमचे तास सुरू झाले.

तुम्ही वहिनींना घेऊन आलात, हे ऐकून मी मशीन थांबवली होती. भरतीची माहिती द्यायला कुणी बायकोला घेऊन येतं का? वहिनींनी मुलांना सांगितलं म्हणे, की लग्नाला सव्वीस वर्षं झाली, त्यातल्या किती दिवाळ्यांच्या पहिल्या अंघोळीला तुम्ही घरी होता ते बोटांवर मोजता येईल. पोलीस लाईनीतल्या दोन खोल्या, गळकं छत, रात्री अडीचला वाजणारा फोन. गणपतीत सगळं गाव नाचतं तेव्हा विसर्जन मिरवणुकीच्या कडेला अठरा तास उभं राहून सुजलेले पाय. मुलींसमोर बसून त्यांनी हे सांगितलं आणि मग म्हणाल्या, "एवढं ऐकूनही यावंसं वाटलं तरच या."

मग तुम्ही वारीचं सांगितलंत. माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम होतो, पुढं तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण. लेकीनं विचारलं, "काका, तुम्ही तर दरवर्षी बघत असाल." तुम्ही म्हणालात, "अकरा वेळा तिथं बंदोबस्ताला होतो. एकदाही नाही पाहिलं. आमची पाठ रिंगणाकडं असते, तोंड गर्दीकडं." हे वाक्य तिनं मला भाकरी थापताना सांगितलं आणि तव्यावरची भाकरी करपली. मी स्वतः दोनदा ते रिंगण पाहिलंय. अश्व धावतो, टाळ-मृदंगाचा नाद आभाळाला भिडतो, अंगावर काटा येतो. माझ्यासमोर खाकीतली माणसं उभी होती, तोंडं माझ्याकडं करून. ती काय बघत नाहीत, हे मला कधी सुचलं नव्हतं.

तुकाराम ओंबळ्यांबद्दलही तुम्ही बोललात. आपल्याच जिल्ह्यातले, जावळी तालुक्यातल्या केडंब्याचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर हातात फक्त लाठी असताना त्यांनी कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या अंगावर घेतल्या, आणि म्हणून तो जिवंत हाती लागला. अशोकचक्र त्यांना मरणोत्तर मिळालं. एका मुलानं विचारलं, "काका, त्यांच्याकडं बंदूक का नव्हती?" लेक सांगते, तुम्ही बराच वेळ गप्प होता आणि मग म्हणालात, "हा प्रश्न तू मोठा झाल्यावरही विचारत राहा." मुलांना टाळ्या वाजवायला लावून तुम्हाला तो तास संपवता आला असता. तुम्ही तसं केलं नाही.

आता उंचीचं. भरतीला मुलींची उंची १५५ सेंटीमीटर लागते. माझी लेक भरते १५३. तुम्ही तिला लटकून उंची वाढेल, अमुक पावडर दुधातून घे, असलं काही सांगितलं नाहीत. "तू पंधरा वर्षांची आहेस, वाढलीस तर वाढलीस. नाही वाढलीस तरी या कामाला दुसरी दारं आहेत," असं म्हणालात, आणि सगळीच दारं नीट दाखवलीत. बारावीनंतर शिपाई भरती, तिथं मैदानाचे ५० गुण, म्हणजे मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, आणि लेखीचे १००. पदवीनंतर लोकसेवा आयोगातून उपनिरीक्षक. आणि ज्या दाराचं नाव आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं ते म्हणजे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा, गुन्ह्यातले पुरावे जिथं तपासतात ती. तिथं उंची कुणी मोजत नाही, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र विचारतात.

त्याच दिवशी तुम्ही ठशांचा तास घेतलात. काचेचे पेले, काळी पावडर, मऊ ब्रश, चिकटपट्टी. आमच्याकडं म्हाताऱ्या बायका बाळाची बोटं बघून शंख किती, चक्रं किती ते मोजतात. तुम्ही तिथूनच सुरुवात केलीत. मुलांना आपापल्या बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजायला लावलीत, मग तिसरा प्रकार दाखवलात, कमानीसारखा, जो आजीच्या हिशेबात नसतो. शिबिरात दोन जुळे भाऊ होते. त्यांच्या आईची सुद्धा फसगत होते इतके सारखे. त्यांचे ठसे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून बघायला दिलेत, आणि मुलांना दिसलं की दोघांचे वेगळे आहेत. जगातला पहिला अंगुलीमुद्रा विभाग १८९७ साली आपल्या देशात, कलकत्त्याला सुरू झाला, हे मला लेकीकडून कळलं. ती वर्गवारीची पद्धत हेन्री नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावानं ओळखली जाते, पण तिच्यामागं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन फौजदारांचं डोकं होतं, हेही. ही दोन नावं तिनं अभ्यासाच्या टेबलावर चिकटवून ठेवली आहेत. पुढच्या आठवड्यात दहावीचा निकाल लागला तेव्हा अकरावीला काय घ्यायचं यावर आमच्या घरात चर्चाच झाली नाही.

भाऊ, आता जे सांगायचंय ते हे.

सातव्या दिवशी तुम्ही मुलांना फिर्याद लिहायला शिकवलंत. एकानं ठाणे अंमलदार व्हायचं, एकानं फिर्यादी. तुमचे नियम तिनं वहीत लिहून आणले होते. आधी पाणी द्यायचं, मग पेन उघडायचं. माणूस रडत असेल तर थांबायचं. त्याच्या तोंडचा शब्द बदलायचा नाही. लिहून झालं की वाचून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची. आणि नक्कल फुकट द्यायची, कारण तो त्याचा हक्क आहे. घरचा अभ्यास असा होता, की घरातल्या मोठ्या माणसाच्या बाबतीत खरोखर घडलेली एखादी गोष्ट फिर्याद म्हणून लिहून आणा.

लेक माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली. पाण्याचा तांब्या ठेवला. म्हणाली, "सांगा, काय घडलं?"

२०१४ सालची गोष्ट. तेव्हा आम्ही दुसऱ्या शहरात भाड्यानं राहत होतो. संध्याकाळी भाजी घेऊन येताना दोघे मोटरसायकलवरून आले आणि माझं मंगळसूत्र ओढून नेलं. दीड तोळ्याचं. मानेवर वळ उठला होता. मी तशीच ठाण्यात गेले. चार तास बाकावर बसवलं. कुणी पाणी विचारलं नाही. शेवटी एका कागदावर सही घेतली, त्यात लिहिलं होतं की मंगळसूत्र गहाळ झालं. मी म्हटलं, "गहाळ नाही हो, ओढलं." तर म्हणाले, "बाई, एकच आहे ते." मला तेव्हा काय कळत होतं? मी सही केली.

लेकीनं दोन तास लावले. वेळ किती? उजेड होता का? पिशवी कोणत्या हातात होती? मागं बसलेल्यानं कोणत्या बाजूनं हात घातला? अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्या बाबांनीही नाही, त्यांनी फक्त दुसरं करू म्हणून धीर दिला. ती लिहीत गेली. एका ठिकाणी तिनं लिहिलं, "सोबत मुलगी, वय ४ वर्षे," आणि पेन थांबलं. "आई, म्हणजे मी होते?" मी म्हटलं, "तू माझ्या कडेवर होतीस."

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांच्या फिर्यादी तपासल्या. तिच्या कागदावर तुमच्या निळ्या पेनाचं एकच वर्तुळ होतं. सुरुवातीलाच तिनं लिहिलं होतं, "माझे मंगळसूत्र गहाळ झाले." मीच तसं सांगितलं होतं. तुम्ही 'गहाळ' शब्दाभोवती गोल केलात आणि समासात लिहिलंत, "हा शब्द फिर्यादीचा स्वतःचा आहे का? विचारून खात्री करावी."

ती घरी येऊन दारातूनच म्हणाली, "आई, हा शब्द तुझा आहे का?"

मी खाली बसले. अकरा वर्षं मी सगळ्यांना तसंच सांगत आले होते. सासरी, माहेरी, शेजारी. गहाळ झालं. जणू मीच कुठं ठेवून विसरले. सासूबाई जाईपर्यंत मला वेंधळी म्हणत राहिल्या आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. तो शब्द माझा नव्हताच, भाऊ. तो त्या कागदावरचा होता.

तिनं एक रेघ मारून वर लिहिलं, "हिसकावून नेले." मला वाचून दाखवलं. मी सही केली.

संध्याकाळी मी तिला न्यायला आले तेव्हा तुम्ही गेटपाशी आलात. तुम्ही कॅप काढून हातात घेतली होती. "ताई, त्या दिवशी चोरीचाच गुन्हा नोंदवायला हवा होता. ते ठाणं माझं नव्हतं, पण खातं माझंच आहे. आमचं चुकलं." एवढंच बोललात. सोनं परत मिळेल, जुनी केस उघडू, असला खोटा दिलासा दिला नाहीत, त्याबद्दलही मी तुमची ऋणी आहे. उलट उभ्याउभ्या मला नवं सांगितलंत. १ जुलै २०२४ पासून कायदे बदलले आहेत, भारतीय न्याय संहितेत हिसकावून नेण्याला आता स्वतंत्र कलम आहे, ३०४. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात फिर्याद देता येते, आमची हद्द नाही म्हणून परत पाठवता येत नाही. मी ते त्याच रात्री दुकानातल्या मापाच्या वहीत लिहून ठेवलं. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायकांना आता मी सांगते. परवा एकीच्या पोराचा मोबाईल बाजारात कुणीतरी हातातून ओढून नेला, तिला म्हटलं, "जा, आणि गहाळ लिहू देऊ नकोस." ती गेली. पोलिसांनी चोरीच लिहिली.

लेक पुढं काय होईल मला माहीत नाही. प्रयोगशाळेत जाईल, वर्दीत जाईल, का आणखी कुठं. दर रविवारी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहते आणि मला खूण करायला लावते. पण घरात कुणी काही सांगायला लागलं की ती मधे बोलत नाही, आधी पाणी आणून देते. धाकट्या भावाचं भांडण सोडवतानासुद्धा दोघांचं वेगवेगळं ऐकते. हे तिनं तुमच्याकडून घेतलंय.

वहिनींना माझा नमस्कार सांगा. त्या दिवशी त्यांच्या ब्लाऊजची बाही खांद्यावर ओढत होती असं लेक म्हणाली, आता तिची नजर असली झालीय. एक जुनं मापाचं ब्लाऊज पाठवून द्या, मी नीट शिवून देईन. शिलाई विचारू नका.

पत्र लिहून झाल्यावर लेकीला वाचायला दिलं. तिनं सगळं वाचलं, शेवटचं पान उलटून पाहिलं आणि म्हणाली, "आई, दिवस आणि वेळ राहिली." म्हणून लिहिते. रविवार, रात्रीचे ९ वाजून ४० मिनिटं, राहत्या घरी, सोबत मुलगी, वय १५ वर्षे. पत्र मला वाचून दाखवलं, ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

तुमची एक बहीण