पहिले पिस्तूल घेण्याआधी मला थांबवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

शि. सा. नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या महिन्यात यूएसपीएसएच्या, म्हणजे वेळ लावून धावत-पळत खेळायच्या पिस्तूल नेमबाजीच्या इथल्या संघटनेच्या, वर्गीकरणात माझे नाव ‘डी’मधून ‘सी’मध्ये सरकले. ‘सी’ म्हणजे ४० टक्क्यांच्या वर आणि ६०च्या आत. ९५च्या वर असणाऱ्या ग्रँडमास्टर मंडळींच्या पंगतीत मला अजून पाणी वाढायलाही कोणी बोलावणार नाही. तरीही एवढ्या निमित्ताने तुमचे आभार मानावेत, आणि ते जाहीरपणे मानावेत, असे वाटले, कारण टेक्साससारख्या राज्यात नव्याने ग्रीन कार्ड मिळालेली आपली बरीच मंडळी थेट दुकानाच्या काउंटरपाशी जाऊन उभी राहतात आणि त्यांना अडवायला तुमच्यासारखे कोणी नसते.

मंडळाच्या गणपतीत, महाप्रसादाच्या रांगेत, मी तुम्हाला फोनवर एका पिस्तुलाचे छायाचित्र दाखवले होते. वर रेड डॉट, म्हणजे नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी काच, नळीच्या टोकाला धक्का कमी करणारा कॉम्पेन्सेटर, किंमत चार हजार डॉलरच्या पुढे. एका दुकानातल्या विक्रेत्याने ते घेतले की निम्मा सामना जिंकल्यातच जमा आहे, असे मला पटवून दिले होते. तुम्ही छायाचित्राकडे फारसे पाहिलेही नाही. “व्हिसा कोणता?” हा तुमचा पहिला प्रश्न होता, आणि तो किती नेमका होता हे मला नंतर कळले: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. माझे ग्रीन कार्ड आले आहे, असे सांगितल्यावर तुम्ही चिंचवडच्या टूलरूममध्ये घडलेल्या आवाजात म्हणालात, “लेथ घेण्याआधी जॉब काय आहे ते बघतात. रविवारी सामन्याला ये, आणि रिकाम्या हाताने ये.”

त्या रविवारी मी दिवसभर पुठ्ठ्याच्या लक्ष्यांवरची भोके चिकटपट्टीने बुजवली आणि गोळी लागून पडलेली लोखंडी लक्ष्ये, म्हणजे पॉपर, उभे केले. मनातून थोडा खट्टू होतो, हे आज कबूल करतो. कोल्हापुरात वाढल्यामुळे नेमबाजी म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे, असा माझा समज होता. २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवणारी राही सरनोबत आमच्या गावची. तो खेळ एका हाताने, जागेवर स्थिर उभे राहून खेळायचा. इथे मात्र माणसे दोन्ही हातांनी पिस्तूल धरून पळत होती, आडोशामागून वाकून नेम धरत होती आणि धावता धावता मॅगझिन बदलत होती. १९७६ साली मिसुरीतल्या कोलंबिया गावी आयपीएससीची, म्हणजे या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, स्थापना झाली तेव्हापासून अचूकता, ताकद आणि वेग या तिघांचा तोल हाच या खेळाचा गाभा आहे, हे तुम्ही मला व्याख्यान न देता एका जुन्या लक्ष्याच्या पाठीवर पेन्सिलीने समजावलेत. बारा लक्ष्ये, प्रत्येकी दोन गोळ्या, एकूण १२० गुण. सगळ्या गोळ्या मधल्या ‘ए’ भागात मारून कोणी २४ सेकंद घेतले, तर गुण भागिले वेळ, म्हणजे १२० भागिले २४, म्हणजे ५. दुसऱ्याच्या सहा गोळ्या बाहेरच्या ‘सी’ भागात गेल्या, गुण १०८ झाले, पण वेळ १८ सेकंद लागला, तर ६. दुसरा जिंकला. तो पुठ्ठा मी अजून जपून ठेवला आहे.

त्यानंतरचे तीन महिने मी पिस्तूल विकत घेतले नाही आणि क्लबातल्या जवळजवळ प्रत्येकाचे चालवून पाहिले. सामना संपला की तुम्ही नेमबाजीची एक जागा (बे) मोकळी ठेवायला सांगत असा आणि कोणा ना कोणाला, “या पोराला तुमचे जरा देऊन बघा,” म्हणून गळ घालत असा. सीझेड शॅडो २ हे पिस्तूल हातात आले तेव्हा मला वाटले, शोध संपला. सुमारे १.३ किलोचे ते वजन गोळी सुटल्यावर हातात असे बसून राहते की दुसरी गोळी मारायला वाट पाहावीच लागत नाही. तुम्ही पंधरा यार्डांवर दोन कोरी लक्ष्ये लावलीत, एक शॅडोसाठी आणि एक ग्लॉक पिस्तुलासाठी, आणि होल्स्टरमधून काढून प्रत्येक पिस्तुलाच्या वीस गोळ्या मारायला लावल्यात. शॅडोच्या लक्ष्यावर दुसऱ्या गोळ्या छान एकत्र होत्या, पण पहिल्या गोळ्या एकजात खाली उतरल्या होत्या. हॅमर (घोडा) खाली असताना पहिल्या गोळीसाठी चाप लांबवर ओढावा लागतो, आणि माझ्या आखूड बोटाचे जेमतेम टोकच तिथवर पोहोचत होते. ग्लॉकच्या लक्ष्यावर भोके अधिक विखुरलेली होती, पण पहिली आणि विसावी गोळी यांत फरक नव्हता. मग तुम्ही डोळे मिटून पिस्तूल उचलायला आणि समोर रोखून मग डोळे उघडायला सांगितलेत. डॉट कुठे आहे ते शोधावे लागले, तर मूठ आपल्या हाताची नाही.

मेजर आणि मायनर या गोळीच्या ताकदीच्या दोन वर्गांचा हिशेबही तेव्हाच कळला. गोळीचे ग्रेनमधले वजन गुणिले सेकंदाला फुटांतला वेग, भागिले हजार. १२४ ग्रेनची ९ मिलिमीटरची गोळी १,०५० फुटांनी गेली तर १३० येतात, मायनरला १२५ पुरतात. माझ्या छायाचित्रातले पिस्तूल ज्या ओपन विभागाचे, तिथे मेजरचे १६५ गाठायला बहुधा घरी जपून काडतुसे भरावी लागतात, आणि मला तेव्हा मॅगझिनही धड भरता येत नव्हते. कॅरी ऑप्टिक्स या दुसऱ्या विभागात सगळ्यांचीच गोळी मायनर धरतात, म्हणून दुकानातली साधी काडतुसे चालतात. अखेर मी डॉट बसवता येणारे, वापरलेले ग्लॉक ३४ घेतले. त्यामागे तुमचा एक निकष असा होता जो मला कुठेही वाचायला मिळाला नव्हता: आपल्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे सामन्यात एकत्र फिरणाऱ्या गटात, ज्याची मॅगझिने उसनी मिळतात, ते पिस्तूल घ्यावे.

चौथ्या सामन्यात धावताना मॅगझिन बदलत असताना माझ्या पिस्तुलाची नळी १८० अंशांच्या रेषेमागे, म्हणजे मागच्या माणसांच्या बाजूला, गेली आणि रेंज ऑफिसरने मला थांबवून बाद केले. कोणाच्या जिवावर बेतले नाही, पण बेतू शकले असते, आणि मी लाजेने सामान आवरू लागलो. तुम्ही माझ्या हातात चिकटपट्टीचे रीळ दिलेत आणि सामना संपेपर्यंत थांबायला सांगितलेत. त्या दुपारी स्क्वॉडमधल्या एका परिचारिकेने आणि एका निवृत्त बसचालकाने आपापल्या बाद होण्याच्या कहाण्या मला सांगितल्या, आणि ऑगस्टच्या त्या उन्हात तुमच्या थर्मासमधला आल्याचा चहा कागदी पेल्यांतून फिरला. त्या दिवसापासून मी क्लबात पाहुणा राहिलो नाही.

खंडेनवमीला मी पिस्तुलाच्या पेटीवर झेंडूचे फूल ठेवले होते. तुम्ही फोनवर म्हणालात की पूजा पेटीची कर, कुंकू आत जाऊ देऊ नकोस. तेही पाळले.

काकूंना नमस्कार सांगावा.

आपला,
स्क्वॉडमधला शिकाऊ

ता. क. त्या उसन्या मॅगझिनांपैकी तुमची दोन अजून माझ्या पिशवीत आहेत. एकीची स्प्रिंग मी बदलली आहे. रविवारी आणतो.