मंत्रीसाहेब, केस स्टडी घ्या म्हणालात, मला मेमो मिळालाय

मा. मंत्रीसाहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजच्या स्टेजवरून तुम्ही म्हणालात, घोकंपट्टी बंद, इंजिनिअरिंगच्या पोरांना खऱ्या घटना शिकवा, दुर्घटनांचे चौकशी अहवाल आम्ही कॉलेजांना पाठवू. टाळ्या मीपण वाजवल्या. अहवाल काही आले नाहीत. परवा मेमो मात्र आला.

माझा गुन्हा ऐका. 1981 ला अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात लॉबीवर टांगलेले पादचारी पूल कोसळले, 114 माणसं गेली. मूळ डिझाइनमध्ये वरचा-खालचा पूल एकाच लांब सळीवर होता, बांधताना सोयीसाठी सळीचे दोन तुकडे केले, म्हणजे खालचा पूल वरच्याला लटकला आणि वरच्या बीमखालच्या नटवर डबल लोड. फळ्यावर काढलं, अर्धा वर्ग मोबाइलमध्ये. मग पोर्चमध्ये दोर बांधला, खाली जिमची गादी टाकली, दोन पोरं लटकवली. आधी दोघांनी दोर धरला, मग खालच्याने वरच्याचे पाय. वरचा "सर सुटतोय, सर सुटतोय" करत पाच सेकंदात गादीवर! साठ पोरांना तो नट कळला आणि 'हे किती मार्काला येतं' असं एकानेही विचारलं नाही.

मेमोत लिहिलंय, 'अभ्यासक्रमबाह्य कृती'.

बरं, आपल्याकडचं घ्यावं तर 2 ऑगस्ट 2016 ला महाडला सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. नवा पूल 165 दिवसांत झाला हे सगळ्यांना पाठ, पण जुन्याचं एक ड्रॉइंग मिळावं म्हणून मी तीन अर्ज टाकलेत, उत्तर नाही. मालवणचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर 2023 ला उभा राहिला, 26 ऑगस्ट 2024 ला पडला, त्यावर वर्गात बोलू, की ते राजकारण होतं?

कॉलेज तपासायला कमिटी येते तेव्हा मात्र आमच्या फायलीत दर सेमिस्टरला दहा-बारा केस स्टडी असतात, सह्या, जिओटॅग फोटो, सगळं. शिकवलेली एक नाही. आणि ती फाइल रात्री अकरापर्यंत बसून मीच बनवतो, तासिका तत्त्वावर, चार महिने मानधन नाही, किराणावाल्याने वही बंद केलीय, बायको म्हणते दोर कसला बांधता, आधी वायरमनचा कोर्स करा. कितीतरी कॉलेजांत हेच चाललंय, खोटं वाटत असेल तर न सांगता या, हार-बिर नको, मागच्या बाकावर बसा.

मेमोचं उत्तर सोमवारपर्यंत द्यायचंय. तुमच्या भाषणाची क्लिप माझ्याकडे आहे, तीच जोडू का?

आपला,
तासिकेवरचा एक सर